ठेका, नाव आणि पाठभेद : टॉमी रमोनचे चरित्र वाचताना

रमोन्स या न्यूयॉर्कच्या पंक बँडभोवती गेल्या काही दशकांत चरित्रात्म लेखनाचे एक छोटे कपाटच उभे राहिले आहे. बासवादक डी डी याचे आत्मकथन १९९७ मध्ये आले, गिटारवादक जॉनी याचे 'कमांडो' त्याच्या मृत्यूनंतर २०१२ मध्ये आले आणि दुसरा ड्रमवादक मार्की याचे २०१५ मध्ये. गायक जोई याच्याविषयी त्याच्या भावाने २००९ मध्ये लिहिले. दौऱ्यांची व्यवस्था पाहणारा मॉन्टी मेल्निक याच्या नावावरही २००३ चे एक पुस्तक आहे. या कपाटात एका माणसाचे पुस्तक नाही. ज्याने हा बँड घडवला, त्याला त्याचा ठेका दिला आणि पहिल्या ध्वनिमुद्रिकेचे पहिले गाणे मुख्यतः लिहिले, त्या टॉमी रमोनने आत्मचरित्र लिहिले नाही. तो भेटतो तो इतरांच्या पुस्तकांत, मुलाखतींत आणि मुद्रिकांच्या वेष्टनांवरील श्रेयनामावलीत.

हा अभाव केवळ योगायोगाचा मानून सोडून देता येण्यासारखा नाही. चरित्र या वाङ्मयप्रकाराची एक सवय असते : ते नायकाला मध्यभागी उभे करते आणि इतरांना त्याच्या प्रकाशात आणते. ड्रमवादक हा रंगमंचावर मुळातच मागे बसलेला असतो. त्याचे काम इतरांना पुढे जाऊ देण्याचे असते, आणि ते जितके चोख तितके ते कमी जाणवते. अशा माणसाच्या आयुष्याची संगती त्याच्या कलाकृतीशी कशी लावायची, ही अडचण समीक्षेला नवी नाही. परंतु टॉमी रमोनच्या बाबतीत ती एका अशा ठिकाणी येऊन ठेपते की, तेथे चरित्राकडे पाठ फिरवणे आणि चरित्राचा आधार घेणे या दोन्ही गोष्टी सारख्याच अवघड होतात.

त्याचा जन्म २९ जानेवारी १९४९ रोजी बुडापेस्टमध्ये झाला. मूळ नाव तमाश एर्देयी. एर्देयी म्हणजे ट्रान्सिल्व्हानियाचा. मराठीतील '-कर' प्रत्ययान्त आडनावांसारखेच हे गावप्रांत सांगणारे आडनाव. आईवडील ज्यू, व्यवसायाने छायाचित्रकार. १९४४ मध्ये जर्मनीने हंगेरी व्यापल्यावर अवघ्या काही आठवड्यांत तेथील प्रांतांतून चार लाखांहून अधिक ज्यूंना हद्दपार करण्यात आले, त्यांतील बहुतेकांना आउश्वित्झला. त्याच वर्षीच्या हिवाळ्यात बुडापेस्टमध्ये 'बाणक्रूस' या हंगेरियन फॅसिस्ट पक्षाच्या टोळ्यांनी डॅन्यूबच्या काठावर माणसे उभी करून गोळ्या घातल्या. एर्देयी दांपत्य वाचले ते शेजाऱ्यांनी लपवून ठेवल्यामुळे. अनेक नातेवाईक वाचले नाहीत. १९५६ चा उठाव चिरडला गेल्यावर कुटुंबाने देश सोडला आणि १९५७ मध्ये ते अमेरिकेत आले. आधी साउथ ब्राँक्स, मग क्वीन्समधील फॉरेस्ट हिल्स. तमाशचा थॉमस झाला.

फॉरेस्ट हिल्सच्या शाळेत त्याला जॉन कमिंग्ज भेटला, जो पुढे जॉनी रमोन झाला. साठच्या दशकाच्या मध्यावर दोघे 'टँजरीन पपेट्स' नावाच्या शालेय बँडमध्ये होते. थॉमस गिटार वाजवी, जॉन बास. शाळेनंतर थॉमस 'रेकॉर्ड प्लांट' या ध्वनिमुद्रणगृहात साहाय्यक अभियंता म्हणून लागला आणि जिमी हेंड्रिक्सच्या १९७० च्या 'बँड ऑफ जिप्सीज' या मुद्रिकेच्या कामात त्याचा हातभार होता. ही बाब सहसा एका ओळीत उरकली जाते, पण तिचे महत्त्व मोठे आहे. गिटारच्या अलंकरणाची त्या काळातील परमावधी ज्याच्या डोळ्यांसमोर फितीवर उतरली, त्याच माणसाने चार वर्षांनी अलंकरणाचा मागमूस नसलेले संगीत उभे केले. हा नकार अज्ञानातून आलेला नव्हता.

१९७४ मध्ये रमोन्स सुरू झाले तेव्हा थॉमस त्यांचा वादक नव्हताच. तो मार्गदर्शक आणि व्यवस्थापक व्हायचा होता. ड्रमवर जोई होता. जोई गायला पुढे आला तेव्हा ड्रमवादकाचा शोध सुरू झाला, आणि आलेल्या प्रत्येकाला नेमके काय हवे आहे ते थॉमसला बसून दाखवावे लागे. ड्रम हे त्याचे वाद्य नव्हते. पण जे हवे होते ते फक्त त्यालाच वाजवता येत होते, कारण ते त्याच्या कल्पनेत होते आणि आलेल्या वादकांच्या हातांत त्यांच्या आधीच्या सवयी होत्या. शेवटी तोच बसला. चौघांनीही रमोन हे आडनाव घेतले. पॉल मॅकार्टनीने एके काळी धारण केलेल्या टोपणनावावरून ते आले होते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बावरी रस्त्यावरील 'सीबीजीबी' या मद्यगृहात त्यांचे कार्यक्रम सुरू झाले.

या ठेक्याचे वर्णन करणे सोपे, त्याचे मूल्यमापन करणे कठीण आहे. उजवा हात हाय-हॅटच्या झांजांवर एकसारख्या अर्धमात्रा वाजवत राहतो, डावा दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर स्नेअरचा आघात करतो, पायाचा ड्रम उरलेल्या मात्रांचा आधार धरतो. 'ब्लिट्झक्रीग बॉप' या गाण्याची गती मिनिटाला पावणेदोनशे मात्रांच्या आसपास आहे. म्हणजे एकटा उजवा हात मिनिटाला साडेतीनशेच्या घरात आघात करतो, आणि गाणे संपेपर्यंत त्यात जवळजवळ खंड पडत नाही. तबल्यावर ठेका धरणे आणि तबला वाजवणे यांत जो भेद मराठी रसिकाला ठाऊक आहे, तो येथे उपयोगी पडतो. संगतकार एरवी ठेका धरून ठेवतो आणि संधी मिळताच त्यात भरणा करतो. टॉमी ती संधी येऊनही घेत नाही. कडव्यातून ध्रुपदाकडे जाताना वादक सहसा जी छोटी तुकडेवजा उधळण करतो, तीही येथे क्वचितच येते.

हे असामर्थ्याला दिलेले गोंडस नाव आहे, असा आक्षेप घेता येईल, आणि तो घेतला गेलेलाही आहे. त्याला उत्तर देण्यासाठी टॉमीच्या वारसदाराकडे पाहावे लागते. १९७८ मध्ये त्याच्या जागी आलेला मार्क बेल, म्हणजेच मार्की, हा 'डस्ट' या जड रॉक वाजवणाऱ्या बँडमध्ये आणि नंतर रिचर्ड हेलबरोबर वाजवून आलेला, हात तयार असलेला वादक होता. रमोन्समध्ये आल्यावर त्याला टॉमीचाच साचा स्वीकारावा लागला. जो साचा एका नवशिक्याच्या मर्यादेतून निघाला असे मानले जाते, तो तयारीच्या वादकालाही शिकून घ्यावा लागत असेल, तर ती मर्यादा राहत नाही. तो घाट असतो. आणि घाट म्हटले की समीक्षेचे काम सुरू होते.

पहिल्या मुद्रिकेवर तर हा घाट ध्वनीच्या मांडणीतच दिसतो. १९७६ च्या फेब्रुवारीत रेडिओ सिटी म्युझिक हॉलच्या इमारतीतील 'प्लाझा साउंड'मध्ये ती सुमारे सहा हजार चारशे डॉलर खर्चून मुद्रित झाली. निर्माता क्रेग लिऑन, सहनिर्माता टॉमी. चौदा गाणी, एकूण वेळ एकोणतीस मिनिटे; एकही गाणे तीन मिनिटांपर्यंत पोचत नाही. दोन कर्ण्यांपैकी एकातून बास ऐकू येतो, दुसऱ्यातून गिटार, आणि मध्ये असतात दोनच गोष्टी : जोईचा आवाज आणि टॉमीचे ड्रम. रंगमंचावर मागे बसणारा माणूस मुद्रिकेत शब्दाच्या शेजारी येऊन बसतो.

या शब्दांकडेच आता वळावे लागते. मुद्रिकेचे पहिले गाणे 'ब्लिट्झक्रीग बॉप' हे मूळचे टॉमीचे. बे सिटी रोलर्स या किशोरप्रिय बँडच्या एका गाण्यातील घोषासारखा घोष आपल्याकडेही असावा, एवढीच त्यामागची इच्छा होती. गाण्याचे पहिले नाव 'ॲनिमल हॉप' असे होते आणि त्यात कार्यक्रमाला जमलेल्या पोरांचा उत्साह होता, बाकी काही नाही. मग ते डी डीकडे गेले. डी डीचे वडील अमेरिकन सैनिक, आई जर्मन. त्याचे बालपण बरेचसे जर्मनीत गेले आणि युद्धाचे अवशेष गोळा करण्याचा त्याला नाद होता. त्याने शीर्षकात विद्युत्‌गती जर्मन आक्रमणाचा शब्द आणला आणि एका ओळीत एक क्रियापद बदलले. मागे उभी असलेली मुले जेथे ओरडत होती, तेथे आता पाठीत गोळी घालण्याची भाषा आली. इंग्रजीत या दोन क्रियापदांचे उच्चार एकमेकांच्या इतके जवळ आहेत की, ओळीचे वजन जराही बदलत नाही.

मुद्रिकेच्या दुसऱ्या टोकाला, चौदाव्या गाण्यात, उलट दिशेने झालेला एक बदल आहे. 'टुडे युअर लव्ह, टुमॉरो द वर्ल्ड' हे शीर्षक नात्झी काळाशी जोडल्या गेलेल्या घोषवाक्याचे प्रेमगीतात केलेले विडंबन आहे. त्यात निवेदक स्वतःला उघडपणे नात्झी म्हणवणारी जी ओळ होती, तिला 'सायर' कंपनीचे प्रमुख सेमूर स्टाइन यांनी हरकत घेतली. स्टाइन स्वतः ज्यू होते. ओळ सौम्य करण्यात आली. संदर्भ मात्र गाण्यातून पुरता गेला नाही. म्हणजे मुद्रिकेच्या आरंभी एका निरुपद्रवी ओळीत हिंसा आली आणि अखेरीस एका उग्र ओळीतून ती थोडी काढली गेली. पाठचिकित्सेची सवय असलेल्या अभ्यासकाला हे दोन पाठभेद शेजारी ठेवून पाहावेसे वाटतील. पंकविषयीच्या लेखनात मात्र ते बहुधा किस्से म्हणून सांगितले जातात.

येथे चरित्र दार ठोठावते. ज्याच्या कुटुंबातील माणसे त्या राजवटीने मारली, ज्याचे आईवडील शेजाऱ्यांच्या घरात दडून राहिल्यामुळे जगले, ज्याच्या जन्मगावी नदीच्या काठावर माणसांना गोळ्या घालून पाण्यात लोटले गेले, त्याच्याच गाण्यात हे क्रियापद आले आणि त्याने ते राहू दिले. या माहितीनंतर ती ओळ पूर्वीसारखी ऐकता येत नाही. पण या माहितीने ओळीचा अर्थ सिद्ध होतो काय?

डिक हेब्डिज यांच्या १९७९ च्या 'सबकल्चर' या ग्रंथात लंडनच्या पंक तरुणांनी मिरवलेल्या स्वस्तिकाचे जे विवेचन आहे, ते या प्रश्नावर सर्वाधिक उद्धृत होते. ते चिन्ह नात्झीवाद या आशयापासून जाणूनबुजून तोडले गेले होते, त्याचे मोल त्याच्या अर्थात नसून अर्थाच्या रिकामेपणात होते, अशी ती मांडणी. लंडनच्या बाबतीत ती कदाचित लागू पडेल. परंतु चिन्ह रिकामे झाले आहे असे म्हणताना ते कोणासाठी रिकामे झाले, हे सांगण्याची जबाबदारी टळत नाही. त्या चिन्हापासून जीव वाचवण्यासाठी ज्यांना लपावे लागले त्यांच्या मुलासाठीही ते तितकेच रिकामे होते, असे मानायला कोणताही आधार हेब्डिज देत नाहीत. त्यांच्या सिद्धान्तात चिन्हे आहेत, ती बाळगणारे पोशाख आहेत. आठवणी असलेली माणसे फारशी नाहीत.

याच्या नेमके उलटे टोक स्टीव्हन ली बीबर यांच्या २००६ च्या पुस्तकात आहे. न्यूयॉर्कचे पंक हे मुळात ज्यू संवेदनेचे अपत्य आहे, असा त्यांचा दावा. सामग्री त्यांनी कष्टाने जमवली आहे आणि टॉमीच्या कौटुंबिक पार्श्वभूमीकडे लक्ष वेधण्याचे श्रेयही त्यांचे आहे. मात्र एकदा किल्ली हाती आली की, प्रत्येक कुलूप तिनेच उघडते असे त्यांना वाटू लागते. जॉनीसारखा कॅथलिक घरातला, राजकीय मतांनी कट्टर उजवा माणूस या बँडची शिस्त ठरवत होता आणि नात्झी प्रतिमा ज्याच्या लेखणीतून आल्या तो डी डी अर्धा जर्मन होता, ही माहिती त्या किल्लीत बसत नाही. चार माणसांनी मिळून केलेल्या, आणि मूळ वेष्टनावर चौघांच्या सामायिक नावाने छापलेल्या गीतांना एकाच्या जन्मकथेचे भाष्य मानणे हा जुनाच चरित्रवाद आहे. त्याची परिभाषा तेवढी नवी.

मर्ढेकरांनी अशा ठिकाणी काय म्हटले असते, हे सांगणे अवघड नाही. कलाकृतीचे सौंदर्य तिच्या घटकांतील संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांत शोधावे. कलावंताच्या लौकिक आयुष्याची तेथे लुडबूड नको. टॉमीच्या ठेक्याला ही चौकट लावून पाहिली तर प्रथमदर्शनी ती अपुरी पडते, कारण नुसत्या ठेक्यात संवाद आहे, विरोध कोठेच नाही. पहिला आघात आणि शंभरावा आघात एकसारखेच. विरोध सापडतो तो ठेका आणि शब्द यांच्या मध्ये. गाण्यात काय बोलले जात आहे, याची त्या हातांना जणू गंधवार्ता नसते. 'आय वॉना बी युअर बॉयफ्रेंड' या मुद्रिकेतील हळव्या गाण्याचा कर्ताही टॉमीच. तेथे गती उतरते, पण वृत्ती तीच राहते. शब्द ओरडण्याचा असता तरी जो आघात पडला असता, तोच गोळी घालण्याच्या शब्दाखाली पडतो. साधा भडक वादक तेथे बंदुकीसारखा एखादा तडाखा देऊन शब्दाला चित्र पुरवील. टॉमी पुरवत नाही. शब्दाचा भार तो वाढवत नाही आणि हलकाही करत नाही.

मर्ढेकरांच्याच परिभाषेत बोलायचे तर येथे भावनात्मक समतानतेला दिलेला नकार हाच कलाकृतीचा समतोल होतो. आणि हे लक्षात आल्यावर चरित्र पुन्हा आत येते, पण मागच्या दाराने : अर्थ पुरवण्यासाठी ते येत नाही, ऐकणाऱ्याचे लक्ष कोठे जावे एवढेच ते सुचवते. टॉमीच्या घराचा इतिहास ठाऊक नसता तर हा निर्विकार ठेका शब्दाच्या शेजारी आहे, ही गोष्ट बहुधा नजरेतून निसटली असती. ज्ञात इतिहासाने ओळीचे तात्पर्य सांगितले नाही. ओळीखाली काय वाजते आहे ते ऐकायला लावले. इतका अधिकार चरित्राला देण्यात मर्ढेकरनिष्ठ समीक्षेनेही संकोच करू नये. त्याहून अधिक दिला, तर त्या निर्विकारपणाला आघातग्रस्त स्मृतीचे मौन वगैरे नावे ठेवण्याचा मोह सुरू होतो आणि मग बीबर दूर राहत नाहीत.

पुढची कारकीर्द थोडक्यात सांगण्यासारखी आहे. १९७७ मध्ये दोन मुद्रिका आल्या. त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरला लंडनच्या रेनबो थिएटरमध्ये झालेला कार्यक्रम १९७९ मध्ये 'इट्स अलाइव्ह' या नावाने प्रसिद्ध झाला. टॉमीचे वादन ज्याला एकाच बैठकीत ऐकायचे असेल त्याने तो ऐकावा. सततचे दौरे त्याला सोसवेनासे झाले आणि १९७८ मध्ये त्याने वादन सोडले, पण त्याच वर्षीच्या 'रोड टू रुइन'चा तो सहनिर्माता होता आणि १९८४ च्या 'टू टफ टू डाय'साठीही परत आला. बँड १९९६ पर्यंत चालला आणि त्याने २,२६३ कार्यक्रम केले. टॉमी त्यांतील पहिली चारच वर्षे होता.

याच काळातील वेष्टनांवर एक गंमत दिसते. ड्रमवादक म्हणून छापलेले नाव टॉमी रमोन. निर्माता म्हणून छापलेले नाव टी. एर्डेली. एकाच कागदावर एकाच माणसाची दोन नावे. मराठी वाचकाला यात नवल वाटू नये. कवितेला कुसुमाग्रज आणि नाटक-कादंबरीला वि. वा. शिरवाडकर ही वाटणी त्याच्या अंगवळणी पडलेली आहे. फरक इतकाच की, येथे सामूहिक, कल्पित आडनाव कलावंताला लाभले आणि बुडापेस्टहून आलेले घरचे आडनाव कारागिराला. निर्मात्याच्या कामाविषयी मात्र भक्तिभाव बाळगण्याचे कारण नाही. रिप्लेसमेंट्स या बँडची त्याने निर्मिलेली 'टिम' ही १९८५ ची मुद्रिका गीतांच्या बाबतीत समृद्ध आणि ध्वनीच्या बाबतीत निस्तेज आहे. बास आणि ड्रम दुसऱ्या खोलीतून आल्यासारखे वाटतात. २०२३ मध्ये एड स्टेझियम या त्याच्याच जुन्या सहकाऱ्याने तिचे नव्याने मिश्रण केले, तेव्हा आत किती काय दबून राहिले होते ते कळले. दुसऱ्या ड्रमवादकाला त्याने असे मागे का ढकलावे, याचे समाधानकारक स्पष्टीकरण त्याच्या चरित्राच्या साधनांत मिळत नाही.

उत्तरायुष्यात त्याने ड्रम वाजवलेच नाहीत म्हटले तरी चालेल. क्लॉडिया टिएनन हिच्यासह 'अंकल मंक' या नावाने तो मँडोलिन, बँजो, गिटार वाजवत ब्लूग्रास आणि जुन्या ग्रामीण धाटणीची गाणी करू लागला. २००६ मध्ये त्यांची मुद्रिका आली. पंक आणि ही जुनी गाणी यांत त्याला नाते दिसत असे : दोन्ही घरगुती, दोन्ही शिक्षणाशिवाय हाती येणारी. ऐकणाऱ्याला ते नाते मँडोलिनवरच्या उजव्या हातात चटकन सापडते. वर-खाली चालणारा तोच अखंड, सारखा आघात.

जोई २००१ मध्ये गेला, डी डी २००२ मध्ये, जॉनी २००४ मध्ये. एप्रिल १९७६ ची ती पहिली मुद्रिका अमेरिकेत 'सुवर्ण' ठरायला, म्हणजे पाच लाख प्रतींचा टप्पा गाठायला, अडतीस वर्षे लागली. ३० एप्रिल २०१४ रोजी तसे प्रमाणपत्र मिळाले तेव्हा वेष्टनावरील चार जणांपैकी फक्त ड्रमवादक हयात होता. ११ जुलै २०१४ रोजी क्वीन्समधील राहत्या घरी, पित्तनलिकेच्या कर्करोगाने, तोही गेला.